टिल्लूला कुणी बसवलं

२३ जुलै

गुंड्या,

फोनवर आपण दोघं एकदम बोलतो, कुणालाच काही ऐकू येत नाही आणि शेवटी एकजण फोन आपटतो. ह्यांचं म्हणणं पडलं, बहीण-भावांनी कागदावर भांडावं, निदान घरात शांतता राहील. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच, मधेच उठू नकोस.

टिल्लू घरी आलाय. देशाकडून फुटबॉलची स्पर्धा खेळून आलेला मुलगा कसा दिसायला हवा? छाती पुढे काढून फिरणारा. हा दुपार टळेपर्यंत झोपतो आणि उठला की पलंगावर बसून भिंतीकडे बघतो. उपांत्य सामन्यातली त्याची पेनल्टी बारला लागली हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. लाँड्रीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक शर्ट टाकता टाकता मला पेनल्टी कशी मारायची ते शिकवतं. परवा एक गृहस्थ काउंटरपाशी पाय मागे नेऊन दाखवायला गेले आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग खाली पाडला. बाहेर हसून बोलायचं आणि आत येऊन चरफडायचं, एवढंच चाललंय माझं.

आणि त्यात तुझा क्लब! पोरगा बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच तुझ्या त्या ट्रेनरचा फोन. इतकं धाव, वजन कळव, धावतानाचा व्हिडिओ पाठव. काल बिचारा धावायला गेला आणि कोपऱ्यावरून परत येऊन जिन्यात बसून राहिला. विचारलं, काय रे? म्हणे, "काही नाही गं आई, बूट घट्ट झालेत."

तू मोठा प्रशिक्षक असशील तुझ्या ठिकाणी. भाचा आहे तो तुझा. त्याला झोपू दे. ऑगस्ट उजाडायच्या आत बोलावलंस तर माझ्याशी गाठ आहे.

ताई


२९ जुलै

ताई,

मधे उठलो नाही. उत्तरं दिली, पण ती भिंतीला.

तुला काय वाटतं, मला हौस आहे? राष्ट्रीय संघवाले आमच्याकडून खेळाडू नेतात ते शेजाऱ्यानं पातेलं उसनं न्यावं तसं. नेताना गोड बोलतात, आणून देताना पोचे पडलेले. विचारलं तर म्हणतात, आधीपासूनच होते. माझा गोलकीपर त्याच्या देशाकडून गेला होता, तो खांदा धरून परत आला. डावा बचावपटू अंतिम सामन्यापर्यंत पोचला, तो कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर फोन बंद करून पडलाय. उरलेली पोरं कधीची घाम गाळतायत, पण सरावात दोन संघ करायला माणसंच पुरत नाहीत. काल मी स्वतः उतरलो आणि कंबर धरून बाहेर आलो. फिजिओबाईंनी मला पट्टा बांधला आणि पोरं हसली. ह्या महिन्यातली मैदानावरची आनंदाची घटना तेवढीच.

हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतोय. आमच्या अध्यक्षांचा फरश्यांचा कारखाना आहे हे तुला माहीत आहेच. त्यांनी शहरभर टिल्लूचे फलक लावलेत. हातात फरशी धरून हसतोय आणि खाली लिहिलंय, 'कधीच न घसरणारा'. पेनल्टीनंतर तरी ते उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

असो. अध्यक्षांशी वाद घालून टिल्लूला आठ ऑगस्टपर्यंत सुटी मिळवलीय. ट्रेनरलाही गप्प केलंय. झोपू दे त्याला. पण तो इकडे आला की त्याचं काय करायचं ते माझ्यावर सोड. तिथे ताईगिरी चालणार नाही.

भाऊजींना नमस्कार.

गुंड्या


१७ ऑगस्ट

गुंड्या,

ताईगिरी म्हणे!

शनिवारी मी लाँड्री लवकर बंद केली. बाहेरच्या खोलीत वरचे, खालचे, समोरचे, सगळे जमले होते. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून दोघंजण धुवायच्या गाठोड्यांवर बसले. आणि टीव्हीवर काय दिसतं, तर माझा मुलगा अंगात जाकीट घालून बाकावर! तुम्ही एक गोल खाल्ला, कॅमेरा त्याच्यावर. दुसरा खाल्ला, पुन्हा त्याच्यावर. शेवटी समालोचकच म्हणाला, "ह्याला मैदानात न उतरवण्याचं कारण फक्त प्रशिक्षकांनाच माहीत." समोरच्या काकू माझ्याकडे वळून म्हणतात, "प्रशिक्षक तुमचा भाऊच ना हो?" मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि उगाचच इस्त्री तापवायला घेतली.

आठवडाभर तुझा सराव केला ना त्यानं? पाय जागेवर आहेत ना? मग कसली शिक्षा देतोयस? पेनल्टी चुकली म्हणून? सगळी दुनिया बोलतेय ती कमी पडली का, की सख्ख्या मामानंही कंसमामा व्हावं?

मला स्पष्ट उत्तर हवंय. गोल गोल नको.

ताई


२१ ऑगस्ट

ताई,

आधी म्हणालीस, झोपू दे. आता म्हणतेस, खेळव. मी नक्की काय करू ते एकदा ठरवून कळव.

स्पष्ट उत्तर हवंय ना? घे. गेल्या हंगामाआधीपासून हा मुलगा सलग खेळतोय. लीग, चषक, मधे मधे देशाचे सामने, मग पुन्हा लीग, आणि ज्या सुटीत बाकीचे पाय पसरून पडतात त्या सुटीत ही स्पर्धा. परत आल्यावर बाकीचे ताजे, आणि ह्याचा सराव शून्य आणि थकवा मागचा सगळा. पहिला अर्धा तास कुणाला काही कळत नाही. मग पाय जड होतात. बॉल येतो तिथे तो पोचतो, पण एक श्वास उशिरा. त्या एका श्वासात स्नायू फाटतात. फिजिओबाई आणि मी, दोघांनीही हे डोळ्यांनी पाहिलंय. सप्टेंबर सरेपर्यंत थांबलो तर पुढे हंगामभर तो खेळेल. आत्ता घाई केली तर नाताळापर्यंत कुबड्या.

हे सगळं मी अध्यक्षांनाही सांगितलं. ते म्हणाले, "पण फलक आत्ता लागलेत ना."

आणखीही एक कारण आहे. ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय. फार वाटलं तर त्यालाच विचार. आणि मला कंसमामा म्हणायचंच असेल तर निदान समोरच्या काकूंच्या देखत म्हणू नकोस.

गुंड्या


२५ ऑगस्ट

गुंड्या,

त्याला विचारलं. तो म्हणतो, "मामाला विचार." तू म्हणतोस, त्याला विचार. मी काय कचेरीत आलेय का, ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवायला?

फोनवर त्याचा आवाज एवढासा झालाय. जेवलास का विचारलं की हो, झोपलास का विचारलं की हो. खेळायला मिळत नाही म्हणून खंगतोय पोरगा, आणि तू स्नायूंची पुराणं सांग.

म्हणून मी काल अध्यक्षांना फोन केला. नंबर कुठून मिळाला म्हणून विचारू नकोस, तुमच्या त्या फलकावरच फरश्यांच्या चौकशीसाठी दिलाय. मोठा सज्जन माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाईसाहेब, आईच्या मनाप्रमाणेच होईल." बघ, बाहेरच्या माणसाला कळतं.

शनिवारी आम्ही सगळे बघतोय.

ताई


३१ ऑगस्ट

ताई,

तू हे काय करून बसलीस?

गुरुवारी अध्यक्ष सरावाच्या मैदानावर आले, चकचकीत बूट चिखलात रोवून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "घरच्यांचीसुद्धा तक्रार आहे तुमच्याबद्दल. शनिवारी तो सुरुवातीपासून खेळेल." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग शनिवारी बाकावर दुसरा प्रशिक्षक बसेल. दुसरा कुणी आला असता तर त्यानं टिल्लूला पूर्ण सामना पिळला असता. निदान मी असलो तर बाहेर तरी काढता येईल, ह्या हिशोबानं मी मान तुकवली.

पुढचं तू पाहिलंसच. पण जे पाहिलंस ते तसं नव्हतं.

दुसऱ्या सत्रात तो एकटा गोलसमोर पोचला, आसपास कुणी नाही, आणि तो बॉल सोडून खाली बसला. टीव्हीवर म्हणाले, मांडीचा स्नायू. मीही पत्रकारांना तेच सांगितलं. फिजिओबाई धावत गेल्या, त्याच्या पायाला हात लावला, तर तो म्हणाला, "काही दुखत नाहीये. पण मला उठवत नाहीये." त्या तिथेच त्याच्यापुढे अशा बसल्या की कॅमेऱ्याला त्याचा चेहरा दिसू नये. मग स्ट्रेचर मागवलं. धडधाकट पोराला आम्ही स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. ड्रेसिंग रूममध्ये तो टॉवेल डोक्यावर घेऊन रडत राहिला. मी बाहेर येऊन उरलेला सामना हरलो.

आता शब्द गेला खड्ड्यात. ऐक. सुटीवरून आला त्याच दिवशी तो माझ्या खोलीत आला होता. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "मामा, मला काही दिवस खेळवू नकोस. बूट घालतो आणि तसेच काढून ठेवतो. लोकांना काय सांगायचं ते तू सांग, पण माझं नाव घेऊ नकोस." मी म्हटलं, ताईला तरी सांगू या. तर म्हणाला, "आईला तर नकोच. ती सगळ्यांना सांगत असते, आमचा टिल्लू कधी दमत नाही."

म्हणून बसवलं होतं त्याला. त्यानंच सांगितलं होतं, ताई. शिव्या माझ्या वाट्याला आल्या, त्याचं काही नाही, त्यासाठीच तर पगार देतात.

गुंड्या


५ सप्टेंबर

गुंड्या,

पत्र वाचलं आणि बस पकडली. तू उरलेल्या पोरांना घेऊन सराव सामन्याला गेलायस असं कळलं. बाकीच्यांना पुन्हा आपापल्या देशांनी बोलावलंय म्हणे. हंगाम सुरू होऊन महिनाही झाला नाही तर परत देश! तू येशील तोवर मी निघालेली असेन, ह्यांना एकट्याला लाँड्री झेपत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या दारातून आत सरकवून जातेय.

टिल्लूचं घर कसं झालंय बघितलंस का कधी? स्पर्धेहून आणलेल्या बॅगा पॅसेजमध्ये तशाच उभ्या, विमानाच्या चिठ्ठ्यासुद्धा निघालेल्या नाहीत. ह्या बॅगा आमच्याकडे आल्या तेव्हाही बंदच होत्या, मी म्हटलं, धुवायला टाक, तर म्हणाला, राहू दे, तिकडे मशीन आहे. आज उघडल्या. ओले मोजे, जर्सी, सगळं एकत्र कोंबलेलं, सगळ्यावर बुरशी. लोकांचे डाग काढून मी घर चालवलं, आणि माझ्या पोराचे कपडे असे कुजत पडले होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "मला त्या उघडवतच नव्हत्या."

मी ओरडले नाही. विश्वास ठेव, खरंच ओरडले नाही. मशीन लावलं. मग तो आपणहून माझ्या शेजारी खाली बसला आणि बोलला. पेनल्टीचं त्याला फारसं वाटत नाही म्हणाला, पेनल्ट्या चुकतात. "पण आई, हरल्यावर बसमध्ये बसलो तेव्हा मला बरं वाटलं. संपलं, आता घरी, असं. सगळे रडत होते आणि मला बरं वाटत होतं. मग मला स्वतःची भीती वाटायला लागली." गुंड्या, एवढं मोठं ओझं घेऊन हा माझ्या घरात झोपला होता आणि मी त्याला विचारत होते, बूट बदलायचे का.

आणि हो, म्हणते मी तसं, आमचा टिल्लू दमत नाही म्हणून. कौतुकानं म्हणते. त्याचा त्याला फास झाला हे मला कुठून कळणार? तुम्ही दोघांनी तोंडाला कुलपं लावलेली!

आता मुद्द्याचं. दुपारी राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. टिल्लू न्हाणीघरात होता, मी घेतला. म्हणे, स्नायूचं आम्ही इथे शिबिरात तपासू, पाठवून द्या. मी म्हटलं, तुम्ही पोरगं नेता की पार्सल? ते नियम सांगायला लागले. माझा आवाज चढला. तेवढ्यात टिल्लूनं मागून येऊन फोन माझ्या हातातून घेतला. केसांतून पाणी गळत होतं. म्हणाला, "सर, माझा पाय ठीक आहे. मी थकलोय. ह्या वेळी मी येणार नाही." पलीकडून बरंच काही बोलणं झालं. ह्यानं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, आणखी हळू. मग फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काही खायला आहे का?"

पोटभर जेवला. आता झोपलाय.

अध्यक्षांना फोन केला ते चुकलंच. एकदाच लिहितेय, जपून ठेव, परत मिळणार नाही.

ताई


१९ सप्टेंबर

ताई,

मला काढलं. उद्या पेपरात येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

पेपरवाले म्हणतील, सुरुवातीचे सगळे सामने हरला म्हणून काढलं. तसं खोटं नाही. पण झालं असं, की टिल्लू व्यवस्थापकांना 'पाय ठीक आहे' म्हणाला ते त्यांनी थेट अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांनी मला बोलावलं. कारखान्याच्या ऑफिसात, चहूकडे फरश्यांचे नमुने, मधे मी. "पत्रकारांना तुम्ही खोटं सांगितलंत. पोराला काहीही झालेलं नाही." मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी फरशीचा एक नमुना उचलून रुमालानं पुसला. मग म्हणाले, शनिवारी त्याला खेळवा, गोल केला की आपोआप ठीक होईल.

तेव्हा मी सौदा केला. म्हटलं, मी गुपचूप जातो, हरल्याचा दोष माझ्या माथी घेऊन. कराराच्या उरलेल्या दिवसांवरून तुम्ही माझ्याशी भांडू नका, मीही भांडत नाही. बदल्यात टिल्लूला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि बाहेर 'मांडीचा स्नायू' हेच राहील. फिजिओबाईंनी तसं लिहूनही दिलं. अध्यक्षांना परवडलं. हरणारा प्रशिक्षक जातो हे लोकांना लगेच पटतं. खेळाडू थकतो हे कुणाला पटत नाही, सगळे म्हणतात, खेळायचेच पैसे मिळतात ना?

हे तू त्याला सांगायचं नाहीस. पेपरला पत्र लिहिणं, अध्यक्षांना फोन करणं, काही करायचं नाहीस. खाली बसल्याची खरी गोष्ट बाहेर आली तर प्रत्येक मैदानावर लोक त्याला चिडवायला त्यावरून गाणी म्हणतील. मी पन्नाशीचा आहे, मला शिव्या पचतात.

सध्या घरी आहे. बायको म्हणते, सारखं उभं राहून मला सूचना देऊ नकोस.

गुंड्या


२३ सप्टेंबर

गुंड्या,

वाचून आधी रडले आणि मग असा संताप आला की एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री ठेवली ती उचललीच नाही. नवीन शर्ट घेऊन द्यावा लागतोय. त्याचे पैसे तुझ्याकडून घेणार आहे.

कोण तुला हे सौदे करायला सांगतं? विचारलंस मला? त्याला विचारलंस? लहानपणापासून हेच, काच कुणीही फोडली तरी हात वर करणारा तू.

काही बोलणार नाहीस ना, असं विचारशील, तर बघू.

ताई


१८ ऑक्टोबर

ताई,

कालचा सामना पाहिलास? मी पाहिला. पाहणार नव्हतो, पण बायकोनं लावला.

काय खेळला गं! पाय हलके, मान वर. तो दुसरा गोल, डावीकडून आत वळून मारलेला, तो थकलेल्या माणसाला जमतच नाही. बघताना मी उभाच राहिलो. स्पर्धेहून आलेले बाकीच्या क्लबांचे खेळाडू बघ, एकेक करून दवाखान्यात चाललेत, आणि हा आत्ता सुरू होतोय. मला वाटलं, झालं, जमलं आपल्याला.

आणि मग आला तो नवा प्रशिक्षक माईकसमोर. ह्या महिन्याच्या सुरुवातीला आलाय, अजून ड्रेसिंग रूमचं दार कुठे उघडतं ते माहीत नसेल. समालोचक म्हणाला, ह्या खेळाडूला तुम्ही पुन्हा जिवंत केलंत. तो मान झुकवून म्हणतो, "काही नाही, खेळाडूवर थोडा विश्वास दाखवावा लागतो. आधी तो दाखवला गेला नव्हता." मी उशी फेकून मारली. ती लागली फुलदाणीला. टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. बायको काच गोळा करत होती.

तक्रार नाही. फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

गुंड्या


२२ ऑक्टोबर

गुंड्या,

टीव्ही बंद केलास? तुला काय म्हणावं! पुढचं बघितलंच नाहीस म्हणजे. आणि फोनही उचलत नाहीस. फुगून बसायचं म्हणजे बसायचं!

तुझ्या त्या नव्या प्रशिक्षकानंतर टिल्लूला पुढे बोलावलं. घामानं निथळत होता. बाई पत्रकार होत्या, त्यांनी विचारलं, "दुखापतीतून बाहेर आलात, नव्या प्रशिक्षकांनी विश्वास दाखवला, त्यांना काय सांगाल?" आमच्या खोलीत सगळे होते, समोरच्या काकूसुद्धा.

तो म्हणाला, "मला दुखापत झालीच नव्हती. मी थकलो होतो. त्या सामन्यात मी खाली बसलो, कारण मला उठवत नव्हतं." त्या बाई गडबडल्या. हा थांबला नाही. "हंगामाच्या सुरुवातीला मला खेळवत नाहीत म्हणून तुम्ही सगळ्यांनी आधीच्या प्रशिक्षकांना नावं ठेवलीत. मला खेळवू नका, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझं नाव कुठे येऊ दिलं नाही. त्यांची नोकरी गेली. मला आत्ता पळता येतंय ते त्यामुळे. ते माझे मामा आहेत, पण म्हणून नाही सांगत."

एवढं बोलून निघून गेला. मागे तुमच्या अध्यक्षांचा चेहरा दिसला क्षणभर, फरशीसारखा गार पडलेला.

हो, मी सांगितलं होतं त्याला, तुझ्या सौद्याचं. तू नको म्हणाला होतास. रागव हवं तेवढं. लोक गाणी म्हणतील म्हणतोस, म्हणू देत. त्यालाही तेच विचारलं मी, तर म्हणाला, "आई, गाणी ऐकत खेळता येतं. ते लपवत खेळता येत नव्हतं."

 ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकू मला म्हणाल्या, "तुम्हाला भरून आलं असेल नाही?" भरून कसलं येतंय, मला तर अशी तिडीक आली! चार वाक्यं होती, गुंड्या. साधी चार वाक्यं. ती ऑगस्टमध्ये माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगायला तुम्हा दोघांना काय झालं होतं?

ताई